सूचना फलक

माझं अक्षर बरं, म्हणून सोसायटीचा फळा माझ्याकडे.
जिन्याखाली, मीटरच्या पेटीशेजारी,
वर ऑइलपेंटनं 'सूचना',
त्यातल्या 'सू'चा उकार झडलाय, म्हणजे आता 'सचना'.
पाणी सकाळी साडेपाच ते पावणेसात.
रविवारी टाकी धुणार, बादल्या भरून ठेवाव्यात.
पारध्यांची ऋतुजा सीएच्या पहिल्या परीक्षेत पास.
मांजरांना गच्चीत खायला घालू नये.
याच्याखाली कुणीतरी लिहिलं : मग कुठे?
मी ते पुसलं नाही.

यंदा टागोर नगरात बातम्या बऱ्या होत्या.
पेव्हर ब्लॉक आले, लाल आणि करडे.
लाल कमी पडले,
डिमेलोंच्या दारापासून पुढे नुसतेच करडे.
एक बाक आला, त्याचं तोंड ट्रान्सफॉर्मरकडे.
तरी संध्याकाळी त्यावर जागा मिळत नाही.

आणि गतिरोधक.
तीन वर्षं, अकरा अर्ज, सगळे तोरसकरांचे.
प्रत्येकाची पोच पंच करून फाइलीत,
फाइल प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी काखेत,
तोरसकर वॉर्ड ऑफिसच्या रांगेत.
दर अर्जात तेच वाक्य :
'सदर रस्त्यावर मुले खेळतात याची कृपया नोंद घ्यावी.'
तोरसकरांना मूलबाळ नाही.

झाला तो एका रात्रीत.
सकाळी गरम डांबराचा वास
आणि रस्त्याच्या पाठीवर हे एवढं टेंगूळ.
मी मोठ्या अक्षरात लिहिलं, खाली दोन रेघा :
श्री. तोरसकर यांचे आभार.
त्या दिवशी ते तीनदा दूध आणायला खाली आले.

माझी खिडकी तळमजल्याची, नेमकी त्याच्यासमोर.
आता बातमी फळ्याच्या आधी मला कळते.
साडेबाराला अन्सारीचा टेम्पो,
रिकामा असला की जास्त वाजतो;
त्याचा धंदा कसा चाललाय ते मी पडल्या पडल्या सांगेन.
नवशिकी स्कूटी : पुढचं चाक, थोडा विचार, मागचं चाक.
अडीचला हर्णेकरांच्या सुनेची रिक्षा,
हळूच चढते, हळूच उतरते.
मागे डुलकी लागलेल्या बाईला न उठवता नेणारा
रिक्षावाला तिला मिळालाय, हेही मला ठाऊक.
तिला नसेल.

ऑगस्टमध्ये तोरसकरांच्या नलूताई मोरीत पडल्या.
खुब्याचं हाड.
चौघांनी चादरीतून दोन मजले उतरवलं,
बाई हूं की चूं नाही.
उलट म्हणाल्या, गॅसवर भात आहे, बघा कुणीतरी.
अँब्युलन्स निघाली.
पुढचं चाक.
मागचं चाक.
ते ओरडणं मी ऐकलं, डिमेलोंनी ऐकलं,
बाकावरची माणसं उठून उभी राहिली.
आत, तिच्या पायाशी बसलेल्या माणसानंही ऐकलं.

दीड महिन्यानं घरी आणलं, तेव्हा
तोरसकरांनी गाडी कोपऱ्यावरच थांबवली.
तिथून खुर्ची उचलून आणली पोरांनी,
करड्यांवरून, मग लाल-करड्यांवरून.

काल ते खाली आले, काखेत पिशवी.
'तुमचं अक्षर बरं आहे. बारावा तुम्ही लिहा.'
सदर गतिरोधकाची उंची दोन इंचांनी कमी करण्यात यावी.
मी म्हटलं, काढूनच टाका, असं लिहू?
'छे. मुलं खेळतात.'
मग कारण काय लिहू?
ते बराच वेळ ट्रान्सफॉर्मरकडे बघत राहिले.
'लिहा, रहिवाशांच्या सोयीसाठी.'
आणि खिशातून शाळकरी पट्टी काढून
मला दोन इंच दाखवले, अंगठ्यानं,
जणू मला माहीत नसतील.

फळ्यावर अजून यातलं काही नाही.
उद्या पाणी अर्धा तास उशिरा, एवढंच.
आणि 'सू'ला मी खडूनं उकार काढलाय.
येता-जाता कुणाच्या तरी खांद्यानं पुसला जातो,
परत काढते.